चर्चचा कारभार शिकवणारी पदवी: पास्टोरल ॲडमिनिस्ट्रेशनमध्ये नेमकं काय शिकतात?

रविवारची शेवटची मिस्सा (मुख्य उपासनाविधी) संपते, चर्च रिकामं होतं आणि दानाच्या थैल्या साक्रिस्तीत, म्हणजे वेदीशेजारच्या खोलीत, येऊन पडतात. त्या कोणी उघडायच्या? किती जणांनी मोजायच्या? मोजलेली रक्कम कुठे लिहायची, बँकेत कधी भरायची? त्यातल्या कोणत्या पैशातून विजेचं बिल भरता येतं आणि कोणत्या पैशाला हात लावायचा नाही? कॅथलिक ख्रिस्तसभेत या प्रश्नांची उत्तरं बऱ्यापैकी ठरलेली आहेत. ती ठाऊक असलेली माणसं मात्र थोडी असतात. ही माणसं तयार करण्यासाठी पदव्युत्तर शिक्षणाची एक शाखा उभी राहिली. तिला पास्टोरल ॲडमिनिस्ट्रेशन म्हणतात, काही विद्यापीठांत चर्च मॅनेजमेंट.

हे शिक्षण का लागतं, ते धर्मगुरूंच्या अभ्यासक्रमाकडे पाहिलं की कळतं. कॅनन लॉ म्हणजे ख्रिस्तसभेचा कायदा. १९८३च्या संहितेतला २५०वा कॅनन, म्हणजे नियम, सांगतो की धर्मगुरू होऊ पाहणाऱ्याचा तत्त्वज्ञान आणि ईशज्ञानाचा (थिऑलॉजीचा) अभ्यास किमान सहा वर्षांचा हवा: दोन वर्षं तत्त्वज्ञान, चार वर्षं ईशज्ञान. या सहा वर्षांत ताळेबंद, पगारपत्रक आणि विम्याची पॉलिसी यांच्या वाट्याला फार थोडे तास येतात. पुढे तोच धर्मगुरू एखाद्या धर्मग्रामाचा (पॅरिशचा, म्हणजे एका चर्चच्या भाविकांच्या समुदायाचा) प्रमुख म्हणून नेमला गेला, की ५३२वा कॅनन त्याच्यावर धर्मग्रामाचा कायदेशीर प्रतिनिधी म्हणून पूर्ण जबाबदारी टाकतो. करारावर सही त्याची, कर्जाला उत्तरदायी तो, गळणाऱ्या छपराबद्दल लोक विचारणार त्यालाच.

दुसऱ्या बाजूने येतात प्रापंचिक सेवक, म्हणजे धर्मगुरू किंवा संन्यस्त नसलेले चर्चचे सेवक. कोणी आयुष्यभर हिशेबनीस होतं, कोणी शाळा चालवली, कोणी कंपनीत माणसं सांभाळली. त्यांना व्यवहार पक्का कळतो. पण धर्मग्रामाचा पैसा नक्की कोणाचा, बिशपांची परवानगी कुठे लागते, अर्थ समितीचं मत डावलता येतं का, हे त्यांना कोणी शिकवलेलं नसतं. ही पदवी या दोन्ही प्रकारच्या लोकांना एकाच वर्गात बसवते. धर्मगुरूला व्यवहार शिकवायचा आणि हिशेबनिसाला ख्रिस्तसभा समजावून द्यायची, असं तिचं दुहेरी काम आहे.

पदवीचा आकार

हे शिक्षण सर्वांत जास्त रुजलं ते अमेरिकेत. तिथे धर्मग्रामांत पगारी प्रापंचिक सेवक मोठ्या संख्येने आहेत: व्यवसाय व्यवस्थापक, धर्मशिक्षणाचे संचालक, युवा सेवेचे प्रमुख, संगीत दिग्दर्शक. व्हॅटिकनची दुसरी विश्वपरिषद १९६५मध्ये संपली आणि प्रापंचिकांच्या सेवाकार्याला मान्यता मिळाली, त्यानंतर ही पदं वाढत गेली. २००५मध्ये अमेरिकेच्या बिशपांनी अशा सेवकांच्या घडणीसाठी मार्गदर्शक दस्तऐवज प्रसिद्ध केला. त्यात घडणीचे चार भाग आहेत: मानवी, आध्यात्मिक, बौद्धिक आणि मेषपालकीय (पास्टोरल, म्हणजे भाविकांची काळजी घेण्याचा). धर्मगुरूंच्या घडणीतही हेच चार भाग सांगितले जातात. म्हणून या पदवीत पुस्तकी विषयांच्या जोडीला आध्यात्मिक मार्गदर्शन, एकांत साधना आणि प्रत्यक्ष धर्मग्रामातलं काम असतं. केवळ परीक्षा देऊन ती पुरी होत नाही.

अमेरिकेत अशी एम.ए. किंवा एम.एस. पदवी साधारण ३० ते ४० क्रेडिटची असते आणि नोकरी सांभाळून दोन-तीन वर्षांत होते. बरंचसं शिक्षण ऑनलाइन चालतं, मधूनमधून काही दिवस विद्यापीठात राहावं लागतं. प्रवेशाला कोणत्याही शाखेची पदवी चालते. बहुतेक ठिकाणी धर्मगुरूचं किंवा धर्मप्रांताचं (एका बिशपांच्या अखत्यारीतल्या क्षेत्राचं) शिफारसपत्र मागतात आणि चर्चच्या कामाचा थोडा अनुभव असलेला बरा मानतात. पेनसिल्व्हेनियातल्या व्हिलानोव्हा विद्यापीठात चर्च मॅनेजमेंटची पदव्युत्तर पदवी व्यवस्थापन शाखेतून दिली जाते. इतर अनेक ठिकाणी असा अभ्यास ईशज्ञान विभागाकडे असतो. या फरकाकडे दुर्लक्ष करू नये. व्यवस्थापन शाखेतल्या अभ्यासक्रमात लेखाशास्त्र आणि मनुष्यबळ यांना जास्त तास मिळतात. ईशज्ञान विभागात ख्रिस्तसभेचं स्वरूप, उपासना आणि संस्कार यांना. तुमची कमतरता कोणत्या बाजूची आहे ते आधी ठरवा, मग विद्यापीठ निवडा.

एम.डिव्ह. (मास्टर ऑफ डिव्हिनिटी) या पदवीशी हिची गल्लत होते. ती याच्या दुपटीच्या आसपास मोठी असते, मुख्यतः सेमिनरीतल्यांसाठी, म्हणजे धर्मगुरू होण्याचं शिक्षण घेणाऱ्यांसाठी, असते आणि तिचा भर ईशज्ञान व सेवाकार्यावर असतो. एम.बी.ए.शीही गल्लत होते. एम.बी.ए.त नफ्यासाठी चालणारी संस्था गृहीत धरलेली असते. कॅनन १२५४ ख्रिस्तसभेला संपत्ती बाळगायचा अधिकार देतो, पण कशासाठी ते सांगून: उपासना, धर्मगुरू व इतर सेवकांचा योग्य उदरनिर्वाह, आणि प्रेषितकार्य व दानधर्म, त्यातही विशेषतः गरजूंसाठी. धर्मग्रामाच्या अंदाजपत्रकातली प्रत्येक ओळ या हेतूंपैकी एकाशी जोडता आली पाहिजे. चांगले प्राध्यापक विद्यार्थ्यांकडून अंदाजपत्रक करून घेताना हेच तपासतात.

पैसा कोणाचा, निर्णय कोणाचा

अभ्यासक्रमातला सर्वांत कठीण आणि माझ्या मते सर्वांत मोलाचा भाग हा आहे. लोक समजतात की धर्मग्राम हा बिशपांचा, किंवा प्रमुख धर्मगुरूंचा, किंवा लोकांचा. कॅनन ५१५ म्हणतो की विधिवत स्थापन झालेला धर्मग्राम ही स्वतः एक कायदेशीर व्यक्ती आहे. कॅनन १२५६नुसार संपत्ती ज्या कायदेशीर व्यक्तीने रीतसर मिळवली, तिचीच. म्हणजे धर्मग्रामाची इमारत धर्मग्रामाच्या मालकीची. प्रमुख धर्मगुरू तिचे प्रशासक आहेत आणि बिशप देखरेख करतात. मालक दोघांपैकी कोणीही नाही.

नागरी कायदा नेहमी असा बोलत नाही. अमेरिकेत काही धर्मप्रांतांत सगळी मालमत्ता बिशपांच्या पदाच्या नावावर असते, काही ठिकाणी प्रत्येक धर्मग्राम स्वतंत्र नोंदणीकृत संस्था असते. जुलै २००४मध्ये ओरेगन राज्यातल्या पोर्टलंड आर्चडायोसिसने (आर्चबिशपांच्या धर्मप्रांताने) दिवाळखोरीचा अर्ज केला. असं करणारा तो अमेरिकेतला पहिला कॅथलिक धर्मप्रांत. तेव्हा न्यायालयापुढे हाच प्रश्न उभा राहिला: धर्मग्रामांची मालमत्ता धर्मप्रांताच्या देण्यांसाठी धरायची की नाही? कॅनन लॉ एक सांगतो आणि सातबारा दुसरं, अशी वेळ आली की काय होतं ते त्या प्रकरणात दिसलं. म्हणून कॅनन १२८४ प्रशासकाला बजावतो की ख्रिस्तसभेच्या मालमत्तेची मालकी नागरी कायद्यात ग्राह्य ठरेल अशा रीतीने सुरक्षित करा. विद्यार्थ्याने नेमलेल्या धर्मग्रामाची कागदपत्रं मागवून कॅनन लॉप्रमाणे मालक कोण आणि नागरी नोंदीप्रमाणे कोण, असा तक्ता करावा. दोन रकाने जुळले नाहीत तर धर्मप्रांताच्या वकिलाकडे जायचं.

पुढचा प्रश्न, निर्णय कोणी घ्यायचा. धर्मग्रामात दोन मंडळं असतात आणि त्यांची सतत सरमिसळ होते. अर्थ समिती कॅनन ५३७प्रमाणे प्रत्येक धर्मग्रामात असलीच पाहिजे. पॅरिश कौन्सिल कॅनन ५३६प्रमाणे बिशपांना योग्य वाटलं तर स्थापन होते. (ऑक्टोबर २०२४मध्ये संपलेल्या सिनडच्या, म्हणजे रोममधल्या बिशपांच्या सभेच्या, अंतिम दस्तऐवजात अशी मंडळं सक्तीची करावीत असा आग्रह आहे.) कौन्सिलला मत सल्ल्यापुरतं आहे, तसं त्या कॅननात स्पष्ट लिहिलं आहे. पण सल्ल्यापुरतं म्हणजे बिनमोलाचं, असा अर्थ काढला की चूक झाली. कॅनन १२७चं म्हणणं असं: कायद्याने जिथे संमती आवश्यक केली आहे तिथे ती न मिळवता केलेली कृती अवैध, आणि जिथे फक्त सल्ला घ्यायचा आहे तिथेही तो न विचारता केलेली कृती अवैध. सल्ला मानणं बंधनकारक नाही, विचारणं बंधनकारक आहे. सभेच्या इतिवृत्तात ‘सल्ला घेतला’ आणि ‘संमती दिली’ यांतला फरक शब्दाशब्दाने उतरला पाहिजे. ‘चर्चा झाली’ एवढंच लिहिलेलं इतिवृत्त वाद झाला की कोणाच्याही उपयोगाचं नसतं.

तिसरा भाग, रोजचं काम आणि रोजच्या पलीकडचं काम. कॅनन १२८१ म्हणतो की साधारण प्रशासनाच्या मर्यादेबाहेरची कृती बिशपांची लेखी परवानगी घेतल्याशिवाय केली तर ती अवैध. मर्यादा कोणती, ते धर्मप्रांताचे नियम सांगतात: अमुक रकमेवरचा खर्च, नवं बांधकाम, खटला दाखल करणं. जमीन विकायची तर कॅनन १२९१ ते १२९५ लागू होतात. तज्ज्ञांचं लेखी मूल्यांकन हवं, विकण्यामागे न्याय्य कारण हवं. रक्कम ठरलेल्या खालच्या आणि वरच्या मर्यादेच्या मध्ये असेल तर बिशपांना धर्मप्रांताच्या अर्थ परिषदेची आणि सल्लागार मंडळाची संमती लागते. वरच्या मर्यादेपलीकडे गेली, किंवा वस्तू कलेच्या वा इतिहासाच्या दृष्टीने मौल्यवान असली, तर रोमचीही परवानगी लागते. सर्वांत जास्त फसगत होते ती १२९५व्या कॅननात. विक्रीचे हेच नियम धर्मग्रामाची सांपत्तिक स्थिती कमकुवत करू शकणाऱ्या प्रत्येक व्यवहाराला लागू आहेत. चर्चच्या सभागृहावर तारण कर्ज काढलं तर विक्री झालेली नसते, तरीही हा नियम आड येतो. अनेक धर्मग्राम बँकेशी बोलणी पुरी करून मग परवानगी मागायला जातात आणि अडकतात.

रविवारचं दान मोजण्याची रीत

आता सुरुवातीच्या थैल्यांकडे येऊ. अंतर्गत नियंत्रण हा विषय वर्गात याच उदाहरणावर शिकवावा, कारण यात सगळं येतं.

मिस्सा संपताच दान क्रमांक छापलेल्या अशा पिशवीत बंद करतात, जी फाडल्याशिवाय उघडत नाही. पिशवीचा क्रमांक वहीत लिहून दोघे सही करतात आणि ती तिजोरीत जाते. मोजायला किमान दोघे, शक्यतो तिघे. ते एका घरातले नकोत, नवराबायको तर नकोतच. मोजणारी मंडळी आळीपाळीने बदलत राहतात. हिशेब लिहिणारी व्यक्ती मोजायला बसत नाही. आधी पाकिटं फोडायची: पाकिटावर लिहिलेली रक्कम आतल्या रकमेशी ताडून पाहायची, जुळली नाही तर खरी रक्कम पाकिटावरच लिहून आद्याक्षरं करायची. चेक हाती येताच त्यावर ‘फक्त खात्यात जमा’ असा शिक्का मारायचा. मग सुट्ट्या नोटा किमतीनुसार लावून दोघांनी वेगवेगळ्या मोजायच्या. मोजणी पत्रकावर सगळ्यांच्या सह्या, एक प्रत बँक भरण्यासोबत, एक हिशेबनिसाकडे. भरणा त्याच दिवशी बँकेच्या रात्रपेटीत किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी. महिनाअखेरीस बँकेचं विवरण मोजणी पत्रकांशी ताडून पाहणारा माणूस चेकवर सही करणारा नसावा.

चूक कुठे होते? सर्वांत नेहमीची चूक म्हणजे मोजलेल्या रोख रकमेतून तिथल्या तिथे पैसे देणं. ऑर्गन वाजवणाऱ्याला मानधन, फुलवाल्याचं बिल. देणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं. पण मग बँकेत भरलेली रक्कम जमलेल्या रकमेशी जुळत नाही आणि खर्चाची पावती राहत नाही. काही महिन्यांनी हा फरक कशामुळे पडला ते कोणालाच सांगता येत नाही. नियम सोपा आहे: जेवढं जमलं तेवढं सगळं बँकेत, आणि प्रत्येक खर्च चेकने किंवा खात्यातून.

दुसरी चूक, ‘त्या बाई वीस वर्षं हिशेब बघतात, त्यांच्यावर विश्वास आहे’. मोजणं, भरणं, लिहिणं आणि ताडून पाहणं ही चार कामं एकाच हातात गेली की संधी निर्माण होते. गुन्हेशास्त्रज्ञ डोनाल्ड क्रेसी यांच्या विचारावर आधारलेला एक त्रिकोण लेखापरीक्षणात शिकवतात: आर्थिक दडपण, संधी आणि मनाला घातलेली समजूत, या तिन्ही गोष्टी जुळल्या की प्रामाणिक माणूसही घसरतो. पहिली आणि तिसरी गोष्ट धर्मग्रामाला दिसत नाही. दुसरीवर मात्र धर्मग्रामाचा पूर्ण ताबा आहे. शिवाय दोन सह्यांची पद्धत असेल तर पैसे कमी भरले तेव्हा निरपराध माणसावर संशय येत नाही. नियंत्रण म्हणजे अविश्वास, असं ज्यांना वाटतं त्यांनी त्या बाईंच्या जागी उभं राहून विचार करावा. ही पद्धत त्यांचं नाव राखते. मेषपालकीय सेवा आणि हिशेब यांचा सांधा इथे आहे, आणि ही पदवी हाच सांधा शिकवायला काढलेली आहे.

ज्या कामासाठी दिलं, त्याच कामासाठी

कॅनन १२६७चं तिसरं कलम लहान आहे: भाविकांनी ठरावीक हेतूने दिलेलं दान त्याच हेतूसाठी वापरायचं. समजा छपरासाठी ४०,००० डॉलर जमले. हिवाळ्यात तापवण्याचं बिल थकलं. खात्यात पैसे दिसतात म्हणून ‘तात्पुरते’ ५,००० वापरले. उन्हाळ्यात ते परत भरता आले नाहीत. चोरी कोणी केली नाही, तरी देणाऱ्यांचा हेतू मोडला गेला आणि कायदाही. बँक खात्यातली शिल्लक आणि खर्च करता येण्याजोगी शिल्लक या दोन वेगळ्या गोष्टी असतात. म्हणून विद्यार्थ्यांना निधीनिहाय लेखापद्धती शिकवतात: बँकेत खातं एक असलं तरी वहीत छपराचा निधी, गरिबांचा निधी आणि सर्वसाधारण निधी स्वतंत्र रकान्यांत चालतात, आणि दर महिन्याच्या अहवालात अर्थ समितीपुढे तीन वेगळे आकडे येतात.

मिस्साच्या हेतूसाठी, म्हणजे एखाद्या मृतासाठी वा इच्छेसाठी मिस्सा अर्पण करावी म्हणून, दिलेल्या दानाचे नियम याहून काटेकोर आहेत. कॅनन ९४८प्रमाणे ज्या ज्या हेतूसाठी दान स्वीकारलं, त्या प्रत्येकासाठी वेगळी मिस्सा अर्पण करायची, दान कितीही लहान असो. कॅनन ९५३प्रमाणे वर्षाच्या आत स्वतः पूर्ण करता येतील त्याहून जास्त हेतू कोणी स्वीकारू नयेत. कॅनन ९५८ सांगतो की प्रत्येक धर्मग्रामात यासाठी वेगळी नोंदवही हवी: किती मिस्सा, कोणता हेतू, किती दान, कधी अर्पण झाली. दान सर्वसाधारण उत्पन्नात मिसळलं आणि नोंदवही मागे पडली, की कोणत्या मृतासाठी मिस्सा व्हायची राहिली हे शोधता येत नाही. ज्या घराने ते दान दिलं त्यांच्या दृष्टीने यापेक्षा मोठी चूक दुसरी नाही.

अमेरिकेच्या नागरी कायद्यातल्या काही बाबी पक्क्या पाठ करून घ्याव्या लागतात. २५० डॉलर किंवा त्याहून मोठ्या एका दानावर करसवलत हवी असेल तर दात्याकडे चर्चची लेखी पोच हवी, आणि दानाच्या बदल्यात काही वस्तू वा सेवा दिली का ते त्यात लिहिलेलं हवं. धर्मप्रांताच्या धर्मगुरूची करस्थिती दुहेरी असते: प्राप्तिकरासाठी तो कर्मचारी, पण सोशल सिक्युरिटी या सरकारी निवृत्तिवेतन योजनेच्या करासाठी स्वयंरोजगारी, म्हणून १५.३ टक्क्यांचा तो कर स्वतः भरतो. पगारपत्रक करणाऱ्या नव्या माणसाकडून इथे हमखास चूक होते. तो धर्मगुरूच्या पगारातूनही इतरांसारखी कपात करून मोकळा होतो. शिवाय चर्चला तिथे इतर धर्मादाय संस्थांप्रमाणे वार्षिक ९९० फॉर्म (करखात्याला द्यायचं माहितीपत्रक) भरावा लागत नाही. सरकार विचारत नाही म्हणून लोकांनाही सांगायचं नाही, अशी सवय त्यातून लागते. कॅनन १२८७ मात्र दोन्ही सांगतो: दरवर्षी बिशपांना हिशेब द्या, आणि भाविकांनी दिलेल्या दानाचा हिशेब भाविकांना द्या. रविवारच्या पत्रकात एक पानभर आकडे छापले तरी पुरतं, पण ते छापलेच पाहिजेत.

माणसांचं काम

मनुष्यबळाचा विषय इथे थोडक्यात सांगतो, कारण त्याचा बराच भाग कोणत्याही संस्थेला लागू होतो. चर्चला वेगळं करणारे दोनच मुद्दे. पहिला, न्याय्य वेतन. कॅनन १२८६ आणि २३१ मिळून सांगतात की कामगार कायदे पाळा, कुटुंबाच्या गरजा भागतील असं वेतन द्या. कायमस्वरूपी सेवा देणाऱ्या प्रापंचिकाला विमा आणि सामाजिक सुरक्षेचाही हक्क आहे. ‘देवाचं काम आहे, पैशाचं काय’ हे वाक्य या दोन कॅननांपुढे टिकत नाही.

दुसरा मुद्दा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा. धर्मसेवक म्हणून कोणाला नेमायचं आणि कोणाला काढायचं, यात सरकारने भेदभावविरोधी कायद्याच्या आधारे हस्तक्षेप करू नये, हे तत्त्व त्याने २०१२मध्ये मान्य केलं आणि २०२०मध्ये कॅथलिक शाळांतल्या शिक्षकांच्या खटल्यांत त्याचा पल्ला वाढवला. काही व्यवस्थापक यावरून समजतात की चर्चला कामगार कायदाच लागू नाही. तसं नाही. हे संरक्षण सगळ्या कर्मचाऱ्यांना आणि सगळ्या कायद्यांना सरसकट लागू नाही. सफाई कामगाराचे ओव्हरटाइमचे पैसे बुडवायला ते उपयोगी पडत नाही. म्हणून प्रत्येक पदाचं कामाचं वर्णन लेखी असावं आणि त्यात ते पद धर्मसेवेचं आहे की कार्यालयीन, हे प्रामाणिकपणे लिहिलेलं असावं. प्रार्थना घेणारा, शिकवणारा, संस्कारांची तयारी करून घेणारा सेवक आणि पावत्या लिहिणारा कर्मचारी यांना एका साच्यात बसवू नये.

बालसुरक्षेवर मात्र थांबायला हवं. २००२मध्ये अमेरिकेच्या बिशपांनी डॅलसमध्ये मुलांच्या संरक्षणाची सनद स्वीकारली. पोप फ्रान्सिस यांनी २०१९मध्ये सर्व ख्रिस्तसभेसाठी नियम काढले आणि २०२३मध्ये ते सुधारून कायम केले. त्यांत धर्मगुरू आणि संन्यस्तांवर लैंगिक अत्याचाराची माहिती वरिष्ठांना कळवण्याचं बंधन आहे, आणि नागरी कायद्याने सांगितलेलं कळवणंही त्यामुळे चुकत नाही. प्रशासकाच्या पातळीवर याचा अर्थ फार ठोस आहे: मुलांच्या जवळ काम करणाऱ्या प्रत्येकाची, स्वयंसेवकाचीही, पार्श्वभूमी तपासणी, तपासणीची तारीख आणि ती पुन्हा करायची तारीख, वर्गाच्या दाराला काच, खोलीत कधीही एकच प्रौढ नको. नियम माहीत नाहीत म्हणून ही साखळी क्वचितच तुटते. बदली शिक्षक आयत्या वेळी येत नाही आणि ‘आज एक दिवस चालेल’ म्हणून तपासणी न झालेल्या ओळखीच्या माणसाला बसवलं जातं, तिथे ती तुटते. म्हणून तपासणी झालेल्या राखीव लोकांची यादी आधीच तयार ठेवायची, आणि राखीवातला कोणी मिळाला नाही तर त्या दिवशी वर्ग रद्द करायचा.

धर्मगुरू कमी पडतात तेव्हा

कॅनन ५१७चं दुसरं कलम हा या पदवीतला सर्वांत चर्चेचा विषय. धर्मगुरूंची कमतरता असेल तर बिशप धर्मग्रामाच्या मेषपालकीय सेवेत डीकनला (धर्मगुरूच्या खालच्या पायरीवरच्या दीक्षित सेवकाला), धर्मगुरू नसलेल्या दुसऱ्या व्यक्तीला किंवा समूहाला सहभागी करू शकतात. पण त्याच वाक्यात पुढे आहे की प्रमुख धर्मगुरूचे अधिकार असलेला एक धर्मगुरू त्या सेवेचं नियमन करील. नेमलेली धर्मभगिनी किंवा प्रापंचिक व्यक्ती रोजचा कारभार पाहते, आजाऱ्यांना भेटते, धर्मशिक्षण चालवते, नोंदवह्या सांभाळते. मिस्सा, पापनिवेदन आणि आजाऱ्यांचा तैलाभ्यंग धर्मगुरूच देतो. जुलै २०२०मध्ये रोमहून आलेल्या सूचनेत म्हटलं आहे की अशा व्यक्तीला प्रमुख धर्मगुरू किंवा सह-प्रमुख अशी बिरुदं लावू नयेत, कारण त्यातून लोकांचा गैरसमज होतो. दारावरची पाटी ही किरकोळ बाब वाटते, पण सही कोणाची चालते, लोकांनी तक्रार कोणाकडे न्यायची, हे त्या पाटीवरून ठरतं. म्हणून नेमणूकपत्रात अधिकारांची यादी, नियमन करणाऱ्या धर्मगुरूचं नाव आणि मुदत लेखी हवी.

याच्याच शेजारचा विषय म्हणजे धर्मग्रामांचं विलीनीकरण. इथे एक चूक वारंवार होते: धर्मग्राम विलीन करणं आणि चर्चची इमारत बंद करणं यांना लोक एकच समजतात. दोन्ही वेगळे निर्णय आहेत. धर्मग्राम स्थापणं, विसर्जित करणं किंवा बदलणं हा अधिकार कॅनन ५१५प्रमाणे फक्त बिशपांचा, पण आधी धर्मगुरूंच्या परिषदेचं म्हणणं ऐकून. इमारत उपासनेतून काढून ऐहिक वापराला द्यायची तर कॅनन १२२२ लागतो आणि त्यासाठी गंभीर कारणं वेगळी दाखवावी लागतात. एकाच फर्मानात दोन्ही उरकलं तर वरिष्ठांकडे दाद मागितल्यावर ते टिकणं कठीण. दाद मागण्याची वाटही बारीक आहे. निर्णय रीतसर कळल्यापासून १० कार्यक्षम दिवसांत (ज्या दिवशी अर्ज करणं शक्य होतं तेवढेच दिवस मोजून) निर्णय देणाऱ्याकडेच फेरविचाराचा लेखी अर्ज करावा लागतो. भाविकांना हे माहीत नसतं, मग पत्रकं काढण्यात आणि सह्या गोळा करण्यात ते १० दिवस निघून जातात. धर्मग्रामाच्या कार्यालयात बसलेल्या माणसाने ही मुदत लोकांना स्वतःहून सांगावी, निर्णय त्याला पटलेला असो वा नसो.

प्रात्यक्षिक आणि निवड

पदवीचा शेवटचा टप्पा प्रत्यक्ष धर्मग्रामातलं काम असतो. सुरुवातीला विद्यार्थी, तिथले प्रमुख आणि विद्यापीठ तिघे मिळून शिक्षण-करार लिहितात: कोणती कामं, किती तास, कोणती माहिती गोपनीय. अंतिम प्रकल्प एका खऱ्या अडचणीवर असावा, उदाहरणार्थ कॅनन १२८३ने पदावर येताना मागितलेली मालमत्तेची यादी. ती करायला घेतली की बहुतेक धर्मग्रामांत कळतं की जुने प्याले, मूर्ती, जमिनीचे कागद यांची नोंदच नाही. छायाचित्र, माप, जागा, कोणी दिलं, विम्याची किंमत, एवढ्या पाच रकान्यांची यादी आणि तिची एक प्रत धर्मप्रांताकडे, हा प्रकल्प दिसायला साधा वाटतो. चोरी झाली किंवा आग लागली तर तोच कामी येतो.

प्रवेश घेण्यापूर्वी विद्यापीठाला चार प्रश्न विचारा. कॅनन लॉ शिकवणाऱ्याकडे त्या विषयाची पदवी आहे का? लेखाशास्त्राची उदाहरणं धर्मग्रामाच्या खऱ्या हिशेबांवरची आहेत की कंपन्यांची? प्रात्यक्षिकावर देखरेख कोण आणि किती वेळा करतं? आणि तुमचा धर्मप्रांत या पदवीला मान्यता देतो का, फीचा काही भाग उचलतो का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर विद्यापीठाकडून तोंडी घेऊ नका, धर्मप्रांताच्या कार्यालयातून लेखी मागवा. काही धर्मप्रांत फी वाटून घेतात आणि बदल्यात ठरावीक वर्षं सेवेची अट घालतात. ती अट, सेवा मधेच सोडल्यास परत करायची रक्कम आणि बदली झाल्यास काय, हे तिन्ही मुद्दे करारात असल्याशिवाय पहिल्या सत्राची फी भरू नये.